आपलं आपण वाचणं

सासरी नांदणाऱ्या मुलीला माहेरचं पत्र आलं, की ते वाचून कोण दाखवणार, हा आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातला पहिला प्रश्न असे. पोस्टमन, शेजारचा शाळकरी मुलगा, नाहीतर घरातलेच दीर किंवा सासरे. आईनं काय कळवलं ते मुलीच्या आधी तिसऱ्याला कळायचं. शिवाय ती आईही कुणाकडून तरी लिहवूनच घ्यायची. दोन बाया आणि मध्ये दोन परके आवाज! अशा पत्रात ‘इकडील सर्व क्षेम’ याच्या पलीकडे काय लिहिलं जाणार? पुढं बायका शाळेत गेल्या, ही मधली माणसं उठून गेली, आणि अशी माणसं कधी होती हेही आपण विसरलो.

सगळ्यांच्याच नशिबातून ती गेलेली नाहीत. डोळ्यांनी दिसत नाही अशा बाईला आजही बँकेचा आकडा, डॉक्टरचा रिपोर्ट, भावानं पाठवलेला निरोप कुणीतरी वाचून दाखवावा लागतो, आणि ओटीपी कुणाच्या तरी तोंडून ऐकावा लागतो. वेबसाइट अपंगांना वापरता येईल अशी करायची म्हटलं, की आपल्या समाजातल्या मंडळींना ते दानधर्माच्या खात्यातलं काम वाटतं. कॅलिपर वाटले, चष्मे वाटले, फोटो काढला, तसंच हेही. मला मात्र यात वाचनाचाच इतिहास दिसतो, आणि तो संगणकाच्या फार आधी सुरू होतो.

पॅरिसमध्ये व्हॅलंतँ आयुई या गृहस्थानं 1785 च्या सुमारास अंध मुलांची शाळा काढली. जगातली ही अशी पहिली शाळा मानतात. आयुई भला माणूस होता. त्यानं जाड कागदावर उठावाची अक्षरं छापली, म्हणजे बोट फिरवलं की ‘ए’ ‘बी’ ‘सी’चा आकार कळावा. पुस्तकं दिसायला सुंदर होती, पण वजनाला भारी. आणि एकेक अक्षर चाचपडत ओळखायचं म्हणजे ओळ संपेपर्यंत आधीचा शब्द विसरायला व्हायचा. मुलांना या लिपीत स्वतःहून लिहिता येत नव्हतं. मग ही लिपी सोयीची कुणाला होती? डोळस मास्तरांना. मूल काय वाचतंय ते त्यांना दिसत होतं.

या शाळेत 1819 मध्ये दहा वर्षांचा लुई ब्रेल आला. बाप खोगीर करणारा. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानात आरी डोळ्यात घुसली आणि पुढं दोन्ही डोळे गेले. काही वर्षांनी शार्ल बार्बिए नावाच्या माणसाची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. एका खुणेला बारापर्यंत ठिपके, आणि तेही उच्चारांसाठी, शुद्धलेखनासाठी नव्हेत. ठिपका बोटाला रेषेपेक्षा चटकन कळतो एवढी गोष्ट त्यातून सिद्ध झाली होती. पण बारा ठिपके एका बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत. हे समजायला बोटानं वाचणाराच हवा. ब्रेलनं बाराचे सहा केले, आणि पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये, त्याची लिपी तयार झाली. लिहायचं हत्यारही टोकदार, बापाच्या आरीच्याच जातीचं. आता मूल वाचू शकत होतं, लिहू शकत होतं, आपला हिशोब ठेवू शकत होतं. डोळस मास्तरांना मात्र ती लिपी शिकल्याशिवाय त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

मला वाटतं, खरी अडचण इथंच होती. 1840 मध्ये शाळेवर द्युफो नावाचा नवा प्रमुख आला. त्यानं ब्रेल बंद केली, पुस्तकं जाळली. मुलं चोरून लिहीतच राहिली. शेवटी त्याच्याच हाताखालचा गाडे हा माणूस मुलांच्या बाजूनं उभा राहिला, आणि 1844 मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात सगळ्या लोकांसमोर मुलांनी ही लिपी लिहून-वाचून दाखवली. फ्रान्सनं तिला अधिकृत मान्यता दिली 1854 मध्ये. ब्रेल 1852 मध्येच गेला होता.

आपल्याकडं अमृतसरला 1887 मध्ये अंधांची पहिली शाळा निघाली. मुंबईत 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा काढली. दादरची ही शाळा आज कमला मेहता यांच्या नावानं मुलींसाठी चालते. पण देशात ज्याची त्याची ब्रेल वेगळी. एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेचं पुस्तक परकं. युनेस्कोच्या पुढाकारानं बैठका झाल्या आणि 1951 मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. नियम साधा: उच्चार एक तर ठिपके एक. मराठी ‘क’ला पहिला आणि तिसरा ठिपका, कानडी ‘क’लाही तेच, गुजरातीलाही तेच. आम्ही बेळगावची माणसं. दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली, यावर आमच्या गावात किती दगड पडलेत ते आम्हाला ठाऊक. आणि इकडं बोटाखाली मराठी ‘कमळ’मधला ‘क’ आणि कानडी ‘कमल’मधला ‘क’ 1951 पासून एकच आहे!

आता संगणक. सुरुवातीचे संगणक अंधांना बरे होते असं सांगितलं तर पटणार नाही, पण तसंच होतं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं असत. अक्षर असलं की यंत्र ते उच्चारू शकतं. टेड हेन्टर हा मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारा अमेरिकन तरुण. 1978 मध्ये मोटारीच्या अपघातात त्याचे डोळे गेले. त्यानं आणि त्याच्या भागीदारानं 1989 मध्ये जॉज नावाचा स्क्रीन रीडर काढला. पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारा कार्यक्रम म्हणजे स्क्रीन रीडर. पुढं पडद्यावर चित्रं आली, खिडक्या आल्या, माऊसचा बाण आला. डोळसांना संगणक सोपा झाला आणि अंधांना अवघड.

वेबचंही तेच झालं. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत 1989 मध्ये वेबची कल्पना मांडली तेव्हा ती कागदपत्रं एकमेकांना जोडायची युक्ती होती, म्हणजे अक्षरांचीच. 1993 मध्ये मोझॅक ब्राउझरबरोबर मजकुरातच चित्रं बसवायची सोय आली. चित्राच्या मागं चार शब्द लिहून ठेवायची जागाही लवकरच ठरली: चित्र दिसलं नाही तर हे शब्द दाखवा किंवा वाचा. तिला ऑल्ट म्हणतात. फार साधी गोष्ट आहे. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी डकवतो ना, तशी. चिठ्ठी नसेल तर स्क्रीन रीडर काय वाचतो माहीत आहे? ‘आय एम जी दोन शून्य चार तीन डॉट जेपीजी’. कॅमेऱ्यानं फोटोला दिलेला नंबर. महिला मंडळाच्या वर्धापनदिनाचे चाळीस फोटो टाकले असतील तर असे चाळीस नंबर ऐकायचे.

वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं 1997 मध्ये यासाठी वेगळं काम सुरू केलं आणि मे 1999 मध्ये चौदा सूचनांची पहिली यादी आली. 2008 मध्ये ती नव्यानं लिहिली, पुढं 2018 आणि 2023 मध्ये वाढवली. सगळं इथं सांगत नाही, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याच वयाच्या बायकांच्या कामाच्या आहेत. अक्षराचा आणि मागच्या रंगाचा उठाव निदान साडेचारास एक असावा, हा त्यातलाच नियम. आपल्या लोकांना पांढऱ्यावर फिकट केशरी फार आवडतं. मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्याला ते कोरं पान दिसतं. ज्याचा हात थरथरतो त्याला माऊस धरता येत नाही, म्हणून सगळं काम कीबोर्डवरून व्हावं. बहिऱ्यांसाठी व्हिडिओखाली बोललेलं लिहून यावं. आणि दुव्याचं नाव ‘इथे क्लिक करा’ असं ठेवू नये. अंध माणूस पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी एकदम ऐकतो. इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा... ऐकून बघा एकदा.

नुसत्या सूचना कोण पाळतंय? जगाला त्यांची दखल घ्यायला लावली ती सिडनीच्या ऑलिंपिकनं, म्हणजे खरं तर सिडनीच्या एका माणसानं. ब्रूस मॅग्वायर जन्मापासून अंध. जून 1999 मध्ये त्यांनी ऑलिंपिक भरवणाऱ्या समितीविरुद्ध तिथल्या मानवी हक्क आयोगाकडं तक्रार केली. खेळांची माहिती वेबसाइटवर होती, आणि ब्रेलवर उमटवणारं यंत्र हाताशी असूनही त्यांना ती मिळत नव्हती. त्यांच्या मागण्या ऐकाल तर वाटेल, एवढंच? चित्रांना आणि चित्रातल्या दुव्यांना नाव द्या. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीकडं जायची वाट ठेवा. निकालाचे तक्ते वाचता येतील असे मांडा. बस्स.

समितीचं उत्तर कुठल्याही संस्थेच्या सेक्रेटरीच्या तोंडचं वाटावं असं होतं: काम फार आहे, खर्च फार आहे. निकालाच्या तक्त्यांनाच एक माणूस रोज आठ तास बसला तर 368 दिवस लागतील, असा हिशोब त्यांनी मांडला. मॅग्वायरच्या बाजूनं कॅनडाच्या युटा त्रेविरानस आणि ऑस्ट्रेलियाचे टॉम वर्दिंग्टन हे दोन जाणकार उभे राहिले. त्यांचं म्हणणं, जाणकार हात आणि मदतीला काही माणसं असली तर हे चार आठवड्यांचं काम. स्वयंपाकघरात हा फरक आपल्याला चांगला कळतो. ज्याला पुरण वाटायचं नसतं त्याला पाट्याला टाकी नसते.

24 ऑगस्ट 2000 ला आयोगानं निकाल दिला: हा भेदभाव आहे, आणि 15 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, दुरुस्ती करा. समितीनं थोडी केली, बाकी तशीच राहिली. स्पर्धा पार पडल्या, ज्योत विझली, आणि नोव्हेंबरमध्ये आयोगानं मॅग्वायरना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. धावण्याचा निकाल ज्या दिवशी सगळं गाव वाचत होतं त्या दिवशी मात्र त्यांना तो नीट वाचता आला नाही. पैशानं तो दिवस परत आला असेल असं मला वाटत नाही. पण वेबसाइट हाही एक दरवाजा आहे आणि तो बंद ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो, हे त्या निकालानंतर वकिलांना आणि कंपन्यांना कळलं.

मराठीची गोष्ट वेगळीच. आमच्या नात्यात एक आक्का आहेत, निवृत्त मास्तरीणबाई. काचबिंदूनं पन्नाशीनंतर त्यांचे डोळे गेले. भाच्यानं फोनमध्ये वाचणारा आवाज सुरू करून दिला. मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र ऐकलं, सरकारी पेन्शनचं मराठी पान ऐकलं, आक्का खूश. मग त्यांनी एका मराठी मासिकाची वेबसाइट उघडली, जिच्यात पूर्वी त्यांचे स्वतःचे लेख आले होते. फोन भलतंच बडबडू लागला. आक्का म्हणाल्या, “हे काय वाचायला लागलंय गं? कानडी पण न्हवं, मराठी पण न्हवं.”

पानावर शुद्ध मराठी दिसत होतं, तरी त्यात मराठी अक्षर एकही नव्हतं. ते कसं, सांगते. डीटीपी आलं तेव्हा संगणकाला फक्त रोमन अक्षरं ठाऊक. मग फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती काढली. आत रोमन अक्षराचा किंवा स्वल्पविरामाचा नंबर, वर देवनागरीचा मुखवटा. छापखान्यात कागदावर मुखवटाच उमटतो, म्हणून काही बिघडलं नाही. उलट आपली मासिकं, लग्नपत्रिका, पंचांगं यावरच छापली गेली, ते उपकार आहेतच. पण यंत्र मुखवटा बघत नाही, आतला नंबर वाचतं. युनिकोडच्या 1991 मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तिचे स्वतःचे नंबर मिळालेत. त्यात लिहिलं की ‘क’ हा आतूनही ‘क’ असतो. तरी कित्येक वर्षं मराठी पानं जुन्याच फॉन्टात वेबवर चढत राहिली, कारण डोळ्यांना फरक दिसत नव्हता. आयुईच्या उठावाच्या अक्षरांसारखंच झालं हे.

दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या पीडीएफचा. पानाचा फोटो काढायचा आणि ‘अंक ऑनलाइन उपलब्ध’ म्हणायचं. मूडबिद्रीला ताडपत्रावरचे सिद्धान्तग्रंथ कुलपात होते आणि यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं फक्त दर्शन घेऊन परतत. लिपी जुनी कानडी, वाचणारे विरळा. नकला बाहेर आल्या, हिरालाल जैन यांनी संपादन केलं आणि 1939 पासून अमरावतीहून धवला छापून येऊ लागली, तेव्हा ते ग्रंथ लोकांचे झाले. स्कॅनचं पीडीएफ म्हणजे पुन्हा दर्शन. नमस्कार करता येतो, वाचता येत नाही. आणि आपण तर शास्त्राला श्रुत म्हणतो, म्हणजे ऐकलेलं. कानानं वाचणाऱ्याला आपल्यात तरी पहिल्या रांगेत जागा हवी.

आक्कांना पुढं कुणीतरी एनव्हीडीए बसवून दिलं. मायकल करन आणि जेम्स टे या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी, दोघंही अंध, 2006 मध्ये हा स्क्रीन रीडर सुरू केला आणि फुकट ठेवला. तोपर्यंत विकतचा कार्यक्रम एवढा महाग, की अंध माणसाला संगणकापेक्षा संगणकाचा आवाज जड जायचा. मराठी आवाज अजून जरा यंत्रातल्यासारखा येतो. आक्का त्याला ‘माझा मास्तर’ म्हणतात आणि त्याचे उच्चार सुधारतात.

आपल्या देशातलं थोडक्यात सांगायचं तर, संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्कांचा करार भारतानं 2007 मध्ये मान्य केला, सरकारी वेबसाइटसाठी 2009 मध्ये सूचना निघाल्या, 2016 चा कायदा आला. कायद्यात अपंगत्वाचे प्रकार एकवीस झाले, त्यांत ॲसिड हल्ल्याच्या बळीही आल्या. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले, त्यांत 1 कोटी 18 लाख बायका. कागदावर सगळं आहे. कागद वाचायला कुणाकडं जायचं ते विचारू नका.

पण 2025 मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक बाईनं माहीत करून घ्यावा असा आहे. प्रज्ञा प्रसून यांच्यावर पूर्वी ॲसिड फेकलं गेलं होतं. 2023 मध्ये त्या बँकेत खातं उघडायला गेल्या. तिथं खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागत होतं. ॲसिडनं ज्यांचे डोळे भाजून काढले त्या बाईनं डोळे कसे मिचकावायचे? समोर हाडामांसाची बाई बसलीय आणि यंत्र म्हणतंय, जिवंत असल्याचा पुरावा द्या. त्यांनी आणि आणखी काही जणींनी न्यायालयात अर्ज केला. दुसरा अर्ज अमर जैन या पूर्णपणे अंध वकिलांचा होता, त्याच ओळखपडताळणीच्या अडचणींचा. (आडनाव वाचून आपल्याकडच्या दोघी-तिघींनी मला लगेच फोन केले. हरकत नाही.) 30 एप्रिल 2025 ला न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी दोन्ही अर्जांवर एकत्र निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यांनी म्हटलं आणि वीस सूचना दिल्या. पापणी मिटवण्याखेरीज दुसरा मार्ग ठेवा, हे त्यांत आहे.

आमच्या मंडळाची छोटी वेबसाइट आहे. सगळा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम दोन कॉलेजच्या मुली करताहेत, निम्मं झालंय. फोटोंना नावं द्यायचं काम माझ्याकडं आहे, आणि तपासायला आक्का. परवा मी एका फोटोला लिहिलं, ‘महिला मंडळाचा हळदीकुंकू कार्यक्रम’. संध्याकाळी आक्कांचा फोन आला.

“अगं, हळदीकुंकू होतं ते वर मथळ्यात आलंच की. फोटोत कोण कोण दिसतंय ते लिही. आणि कमलवैनी आल्या होत्या का? त्यांच्याशी माझं दोन वर्षं बोलणं नाही.”